प्रतिमा, समई आणि शेवटची बस

बी.एड. कॉलेजातला कार्यक्रम बघणाऱ्याला दीड तासाचा दिसतो. करणाऱ्यांचा तो पंधरा दिवस आधी सुरू होतो, आणि त्यातले पहिले तीन-चार दिवस नुसती तारीख जुळवण्यात जातात.

कागदावरचा हिशेब सोपा आहे. एन.सी.टी.ई.च्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) 2014 च्या नियमांनी अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. वर्षाला कामाचे 200 दिवस आणि आठवड्याला किमान 36 तास ठरले. पण त्याच नियमांनी शाळेवरचा काळही वाढवला: प्रथम वर्षाला 4 आठवडे, द्वितीय वर्षाला 16. म्हणजे एक वर्ग कॉलेजात असतो तेव्हा दुसरा कुठल्या तरी हायस्कुलात पाठ घेत असतो. प्रवेशफेऱ्या लांबल्या तर 5 सप्टेंबरला प्रथम वर्षाच्या वर्गात बाकंच असतात आणि शिक्षक दिन द्वितीय वर्षाच्या जिवावर निघतो. त्यावर आपल्याकडचं शेतीचं वेळापत्रक बसतं. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, मग कापूस वेचणी. छात्राध्यापिकांपैकी बऱ्याच जणी लग्न झालेल्या, सासरच्या शेताच्या मालकीण नाहीतर मजूर. त्या दिवसांत हजेरीपट गळतो आणि त्याला नोटीस काढून उपाय नाही. एप्रिलमध्ये ऊन आणि परीक्षा, म्हणून 30 एप्रिलची ग्रामजयंती, म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची जयंती, कॉलेजात नीट कधी होतच नाही. राष्ट्रसंतांचा कार्यक्रम आम्ही ऑक्टोबरातल्या पुण्यतिथीला घेतो. तिथेही एक अडचण आहे: कॅलेंडरात तारीख 11 ऑक्टोबर, पण गावातलं गुरुदेव सेवा मंडळ तिथीने करतं. मंडळाचे भजनी हवे असतील तर तिथीच धरावी लागते. 11 तारखेचा आग्रह धरला तर खंजिरी येत नाही, मोबाइलवरचं भजन लावावं लागतं.

दोन्ही वर्गांची माणसं एकत्र सापडतात ती आमच्याकडे डिसेंबरचा शेवट आणि जानेवारी. 20 डिसेंबर गाडगेबाबांची पुण्यतिथी, 27 डिसेंबर पंजाबराव देशमुखांची जयंती, 3 जानेवारी सावित्रीबाई, 12 जानेवारी जिजाऊ, मग खेळ, स्नेहसंमेलन आणि 26 जानेवारी, सगळं या पाच आठवड्यांत कोंबलेलं. यातला 3 जानेवारीचा कार्यक्रम आम्ही शिकवणीचा मानतो. त्यात मुलांना प्रत्येक काम एकदा हाताने करायला लावायचं आणि बाकीचे कार्यक्रम त्याच साच्यावर त्यांचे त्यांनी करायचे. उद्या यातलं कोणी आश्रमशाळेवर किंवा आडगावच्या हायस्कुलात लागलं की पहिल्याच महिन्यात मुख्याध्यापक म्हणणार, "सर, जयंतीचं तुम्ही बघा." तिथे ना समिती असते ना बजेट.

पहिलं काम गट पाडणं. 100 छात्राध्यापक असतील तर 20-20 चे पाच गट. पूर्वी हे गट हजेरी क्रमांकाने पडायचे, आणि सरावाला कधीच पूर्ण गट सापडायचा नाही, कारण एकाची बस साडेतीनची तर दुसऱ्याची पावणेपाचची. आता गट बसच्या रस्त्यावर पडतात. एका बाजूच्या गावांचे सगळे एका गटात. सकाळी एकत्र येतात, एकत्र जातात, आणि निम्मा सराव बसथांब्यावरच होतो. फक्त एवढं पाहायचं की प्रत्येक गटात दोन्ही वर्षांचे आणि निदान तीन अध्यापन पद्धतींचे, म्हणजे शिकवायच्या विषयांचे, लोक आले पाहिजेत. एखाद्या गटात सगळे गणित-विज्ञानवाले गेले तर सूत्रसंचालनाला उभं राहायला कोणी तयार होत नाही. कामांची वाटणी अशी: सूत्रसंचालन 2, मंच 4, बैठक 4, ध्वनी 2, पाहुणे आणि स्वागत 3, चहा-नाश्ता 3, अहवाल आणि फोटो 2. वीस पुरे झाले. आभारप्रदर्शनाला वेगळा माणूस लागत नाही, अहवालवाल्यालाच उभं करावं. कोणी काय केलं हे त्याच्याच वहीत असतं.

ज्या गटाचा कार्यक्रम, त्याच गटाकडे आधीच्या आठवड्याचा परिपाठ. मंचाची भीती तिथे जाते. परिपाठ 20 मिनिटांचा. राष्ट्रगीताला 52 सेकंद, राज्यगीताला पावणेदोन मिनिटांच्या आत, मग प्रतिज्ञा, उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, तीन बातम्या, बोधकथा, शेवटी एक मिनिट मौन. लांबते ती बोधकथा. तिला 3 मिनिटं आणि पाठ सांगायची, वाचायची नाही. दिनविशेष हा चुकांचा खरा खजिना. मोबाइलवर फिरत आलेली यादी जशीच्या तशी वाचली जाते. 27 फेब्रुवारीला कोणी तरी "मराठी राजभाषा दिनाच्या शुभेच्छा" देतंच. 27 फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन. राजभाषा दिन 1 मे. म्हणून दिनविशेष वाचणाऱ्याने ग्रंथालयातल्या छापील पुस्तकातून तारीख ताडून, वहीत पुस्तकाचं नाव आणि पान लिहून आणायचं. हा नियम लावल्यापासून ग्रंथालयात सकाळी पावणेअकराला रांग लागते, ही वरकमाई.

आता 3 जानेवारी. वेळ 11 ते 12:30. त्याआधी लांबच्या बस आलेल्या नसतात, आणि दुपारी जेवण झाल्यावर सभागृह पेंगतं. नव्वद मिनिटं अशी कापायची: प्रतिमापूजन आणि दीपप्रज्वलन 8, स्वागतगीत 3, स्वागत 7, प्रास्ताविक 5, छात्राध्यापकांची मनोगतं 20, प्रमुख वक्ते 30, अध्यक्ष 10, आभार 4, राष्ट्रगीत 1. उरलेली 2 मिनिटं कोणी तरी खातंच. सूत्रसंचालकाच्या ताब्यात घड्याळ द्यावं आणि शेरोशायरी काढून घ्यावी. दोन माणसांच्या मध्ये एक वाक्य पुरतं. प्रत्येक नावाआधी चार ओळी म्हटल्या तर दहा नावांत सात-आठ मिनिटं गेली, आणि ती वक्त्याच्या वाट्यातून जातात.

पाहुण्यांचं पूर्ण नाव, पद आणि परिचयाच्या चार ओळी दोन दिवस आधी फोनवर विचारून घ्यायच्या, लिहायच्या आणि त्यांनाच वाचून दाखवायच्या. "माजी" हा शब्द राहिला किंवा उगाच लागला की माणूस दुखावतो. अध्यक्ष शेवटी बोलतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी गावचे कोणी मान्यवर ऐनवेळी आले की क्रम विस्कटतो. त्यांना मंचावर खुर्ची द्यावी, शाल-श्रीफळ नको, आणि बोलायला सांगायचंच झालं तर वक्त्यांच्या आधी, दोन मिनिटं. त्यासाठी मंचावर ठरलेल्यापेक्षा एक खुर्ची जास्त मांडून ठेवावी. नंतर मागून खुर्ची आणताना होणारी खडखड माइकमध्ये जाते.

मनोगतांचं दुखणं निराळं आहे. मोकळं सोडलं तर पाच जणी एकच भाषण करतात: नायगाव, 1831, भिडेवाडा, शेणाचे गोळे, आणि "अशा या महान माउलीला" म्हणून खाली बसणं. मुलांची चूक नाही, शाळेपासून हेच पाठ झालेलं असतं. उपाय म्हणजे विषय कापून वाटायचे. एकीला 1848 ची पहिली शाळा आणि तिथे काय काय शिकवत. एकीला 1854 चा कवितासंग्रह, त्यातली एक कविता वाचून. एकीला बालहत्या प्रतिबंधक गृह. एकीला 1897 ची प्लेगची साथ आणि 10 मार्चचा त्यांचा मृत्यू. पाचवा विषय मात्र अध्यापक महाविद्यालयात कधीही सोडू नये: सावित्रीबाईंनी स्वतः घेतलेलं अध्यापनाचं प्रशिक्षण, अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या फॅरार बाईंकडचं. आपण ज्या वर्गात बसलो आहोत तशाच वर्गात त्याही बसल्या होत्या, एवढं कळलं तरी समोर बसलेल्यांची मान वर होते. प्रत्येकीला 4 मिनिटं. कागद हातात चालेल, पण त्यावर पूर्ण वाक्यं नकोत, पाच मुद्दे. पूर्ण वाक्यं असली की डोळे कागदावरून उठत नाहीत. सूक्ष्म पाठात, म्हणजे सरावाच्या छोट्या पाठात, ज्या चुकीवर आपण शेरा मारतो, तीच ही.

मंच. टेबल 4 बाय 2 फुटांचं, त्यावर पांढरी चादर, इस्त्री केलेली. प्रतिमेच्या काचेवर समोरच्या खिडकीचा उजेड चमकतो आणि फोटोत सावित्रीबाईंच्या जागी खिडकी येते. फ्रेमच्या मागे वरच्या बाजूला पुठ्ठ्याची घडी घालून ती किंचित पुढे कलती करावी, चमक जाते. 18 बाय 24 इंचांच्या फ्रेमला साधारण 5 फुटांचा हार पुरतो. त्याहून मोठा घेतला तर तो चेहऱ्यावर येतो किंवा घसरतो. फ्रेमच्या वरच्या दोन कोपऱ्यांना मागून छोटे खिळे मारून ठेवले की दरवर्षीची कटकट मिटते. हार तालुक्याच्या गावाहून येत असेल तर आदल्या संध्याकाळी आणून, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवावा. झेंडू टिकतो, शेवंती पाकळ्या गाळते. गुलाबाच्या नादी लागू नये.

दीपप्रज्वलनात फजिती होते ती वातीमुळे. कोरडी, बारीक वात चार वेळा काडी ओढूनही पेटत नाही आणि पाहुणे ओशाळतात. वाती सकाळी नऊलाच तेलात भिजवून, टोकं बाहेर काढून ठेवाव्यात, टोकावर कापराचा चुरा. काडेपेटीऐवजी पेटती मेणबत्ती हातात द्यावी. मंचावरचा पंखा बंद. एक जण फक्त बटणापाशी, कारण पंखा नंतर सुरू करायचं कोणाच्याच लक्षात राहत नाही. जानेवारीत खपून जातं, सप्टेंबरात अध्यक्ष रुमाल काढतात. समईखाली स्टीलचं ताट हवंच. चादरीवर सांडलेल्या तेलाचा डाग पुढच्या तीन कार्यक्रमांच्या फोटोंत दिसतो.

माइक शिट्टी मारतो तेव्हा सगळे ॲम्प्लिफायरकडे धावतात आणि आवाज कमी करतात. मग मागच्यांना ऐकू येत नाही. खरं कारण बहुतेक वेळा स्पीकरचे खोके चुकीच्या जागी असणं हे असतं. खोक्यातून निघालेला आवाज माइकमध्ये परत शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो, की शिट्टी सुरू. खोके माइकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला, तोंड मंचापासून फिरवलेलं ठेवायचे. भिंत मोकळी आणि सभागृह रिकामं असताना आवाज घुमतो, माणसं बसली की कमी घुमतो. म्हणून तपासणी रिकाम्या सभागृहात करून समाधानी होऊ नये आणि घाबरूही नये. बिनतारी माइकचे सेल नवे, आणि दोन जादा सेल ध्वनीवाल्याच्या खिशात. कपाटात नव्हे, कपाटाची किल्ली कार्यालयातल्या बाबूजींकडे असते. वीज जाणार हे धरूनच चालावं. सकाळी लाइनमनभाऊंना फोन करून विचारलं तर फीडरवर काम आहे का ते कळतं. 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर असेल तर बॅटरी आदल्या रात्री चार्जिंगला. नसेल तर दोघांना आधीच सांगून ठेवावं की वीज गेली तर माइकशिवाय पुढचं मनोगत सुरू करायचं. थांबायचं नाही. तीन मिनिटं थांबलं की सभागृह बोलू लागतं आणि मग ते आवरत नाही.

बैठकीचं गणित. नियमातलं बहुउद्देशीय सभागृह 200 जणांचं, 2000 चौरस फुटांचं. म्हणजे माणशी 10 चौरस फूट, त्यात मंच, वाट आणि दाराजवळचा चपलांचा ढीगही आला. खुर्च्या 150 च्या पुढे मांडल्या तर मधून चालता येत नाही. पुढे दोन सतरंज्या अंथरून तिथे सरावशाळेतली मुलं बसवावीत, मागे खुर्च्या. बिछायत केंद्राच्या खुर्च्या उतरवताना मोजाव्यात, आणि परत देताना त्याच माणसाने मोजाव्यात. दोन वेगळी माणसं मोजतात तेव्हा नेहमी दोन खुर्च्या कमी भरतात.

नाश्ता तर्री-पोहे. 100 जणांना कोरडे पोहे 7 किलो, कांदे 4 किलो, शेंगदाणे अर्धा किलो, तर्रीला हरभरा 2 किलो, तो आदल्या रात्री भिजत घातलेला. पोहे एकदम भिजवले तर शेवटच्या पंगतीला गोळा मिळतो. तीन वाटे करून भिजवावेत. चहाला दूध 5 लिटर, पाणी 4, साखर सव्वा किलो, पत्ती पाव किलो. पाहुण्यांचा बिनसाखरेचा आधी काढून ठेवावा, आजकाल निम्मे मान्यवर तोच मागतात.

20 डिसेंबरला यातलं जवळजवळ काही लागत नाही, आणि म्हणूनच तो दिवस आम्हांला जास्त आवडतो. गाडगेबाबांच्या कार्यक्रमाला भाषण 10 मिनिटं आणि खराटा दोन तास. पाच गट, पाच जागा: बसथांबा, आठवडी बाजाराची ओटी, प्राथमिक शाळेचं पटांगण, हातपंपाचा परिसर, कॉलेजच्या मागची नाली. खराटे 25, घमेली 15, फावडी 8, हातमोजे सगळ्यांना. ग्रामपंचायतीला आठ दिवस आधी पत्र द्यावं, नाहीतर गोळा केलेला कचरा न्यायला गाडी येत नाही, आणि तो ढीग आठवडाभर कॉलेजच्या नावाने ओळखला जातो. बाजाराचा वार आला असेल तर सकाळी साडेआठच्या आत सुरुवात.

खेळांत मैदान आखण्यावर सगळं अवलंबून. कबड्डीचं महिलांचं 12 बाय 8 मीटर, पुरुषांचं 13 बाय 10. आमच्या काळ्या मातीला जानेवारीत भेगा पडतात आणि त्यात पाय मुरगळतो. मुरूम टाकून भेगा बुजवल्या तर गुडघे सोलतात. चाळलेली माती भरून संध्याकाळी पाणी मारावं, सकाळी हलकं रोलर फिरवावं, मग रेषा आखायला फक्की. साडीत खेळणार नाही म्हणणाऱ्या छात्राध्यापिका दुसऱ्या दिवशी पंजाबी ड्रेस आणून खेळतात. नोटिशीत पोशाख आधी लिहिला की पहिला दिवस वाया जात नाही.

स्नेहसंमेलनाबद्दल थोडक्यातच, कारण त्याची हौस मुलांना असते, शिकवावं लागत नाही. आवरावं मात्र लागतं. 20 बाबी, प्रत्येकी 4 मिनिटं म्हणजे 80, मधले 2-2 मिनिटांचे बदल 40, झाले दोन तास. बारा वाजता सुरू केलं तर बक्षिसं धरून साडेतीनला संपतं आणि शेवटची बस मिळते. गाणी पेनड्राइव्हमध्ये 01, 02 असे आकडे नावाआधी लावून. मोबाइलवरून वाजवायचं तर तो विमान मोडवर, नाहीतर नाचाच्या ऐन मध्ये कोणाच्या तरी मामांचा फोन येतो. एक आग्रह आम्ही धरतो: निदान एक बाब आपल्या भागातली. गडचिरोली, ब्रह्मपुरी, साकोलीकडची मुलं असली की त्यांना दंडार हे लोकनाट्य आणि झाडीपट्टीचं नाटक सांगावं लागत नाही, घरातच असतं. वऱ्हाडातल्यांकडे भारूड आणि खंजिरीभजन. 'शिक्षणात नाट्य आणि कला' हा अभ्यासक्रमातलाच भाग आहे, त्यामुळे 15 मिनिटांची दंडार बसवली तर त्याच मेहनतीत प्रात्यक्षिकाची नोंदही होते. प्रमाणपत्रावरच्या नावाचं मराठी लेखन आधी त्या-त्या व्यक्तीला दाखवून सही घ्यावी. ऱ्हस्व-दीर्घासाठी पुन्हा छापणं महाग पडतं.

अहवालाचा कंटाळा सगळ्यांनाच. पण कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येते तेव्हा झालेला कार्यक्रम नाही, फाइल बघते. फाइलीत लागतं ते एवढं: नोटीस, पत्रिका, उपस्थितांच्या सह्या, बातमीचं कात्रण आलं तर, स्थळ-वेळ उमटलेले 4 फोटो आणि पानभर अहवाल. फोटो काढणाऱ्याने समई पेटलेली असताना, वक्ते बोलताना, श्रोते मागून आणि फलक पूर्ण दिसेल असा, हे चार काढले की थांबावं. स्थळ-वेळेची पट्टी फोटोच्या खालच्या भागावर बसते, म्हणून खाली थोडी जमीन सोडून चौकट धरावी, नाहीतर पहिल्या रांगेच्या चेहऱ्यांवर अक्षांश-रेखांश येतात. फलकावरचं साल छापायला देण्याआधी दोघांनी वाचावं. मागच्या वर्षीचाच फलक वर चिकटपट्टी लावून वापरला तर ती पट्टी फोटोत बरोबर दिसते. सह्यांचा कागद सुरुवातीला फिरवावा. शेवटी फिरवला तर लवकरच्या बसवाले गेलेले असतात.

अहवाल त्याच दिवशी लिहावा, निदान कच्चा. दुसऱ्या दिवशी वक्त्यांचं एकही वाक्य कोणाला आठवत नाही आणि "मोलाचे मार्गदर्शन केले" एवढंच उरतं. लिहिणाऱ्याने ऐकतानाच वक्त्यांचे तीन मुद्दे त्यांच्याच शब्दांत टिपावेत. शेवटी एक रकाना आम्ही वाढवला आहे, तो समितीसाठी नाही: काय चुकलं. त्यात "वात पेटली नाही", "हार मोठा आला", "पोह्यांचा शेवटचा वाटा कमी पडला" असं दोन-दोन शब्दांत लिहायचं, नाव न घालता. पुढच्या गटाने सतरंज्या झटकून, मोजून कपाटात ठेवल्या की किल्ली परत देण्याआधी तो रकाना वाचायचा.